अडुसष्ट बाळांचा पत्ता

सोमवार, ५ ऑक्टोबर

विहीणबाई, नमस्कार.

आधी आली ती उंचीबाई. तिच्यामागून दहा मिनिटांनी फायलीवाले साहेब, जिना चढून धापा टाकत. तशी त्या दोघांच्याही आधी खालच्या इस्त्रीवाल्याची सून बाळाला काखेत मारून येऊन बसली होती, पण तिला मी पाहुण्यांत धरत नाही. दिवसातून सहा वेळा येते ती. साखर मागायला आले म्हणते आणि साखर न नेता जाते.

तर आरोग्य खात्याची माणसं हो! सरकारी! उंचीबाईंना दारातून वाकून यावं लागलं, म्हणून मी हे नाव ठेवलं. साहेबांच्या काखेत तीन फायली, तिन्हींना दोऱ्या. म्हणाले, "आजी, या गल्लीची खबर तुमच्याइतकी कुणाला नाही, असं प्रसूतिगृहात सांगितलं आम्हाला." आता सव्वीस वर्षं तिथल्या चादरी धुतल्या मी, कोण कधी बाळंत झालं ते मला चादरीवरून कळायचं. पण एवढ्या मोठ्या खात्याने माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईचं दार विचारत यावं! तुमच्याकडे आलं का हो कुणी असं? नाही, आपलं सहज विचारलं.

चहा दिला. चांगल्या कपांतून दिला. साहेबांनी फाईल सोडली आणि विचारलं, "गेल्या वर्षी तुमच्या गल्लीत किती माणसं गेली?" मी म्हटलं, चार. विहीणबाई, आता तुमच्यापासून काय लपवायचं, आदल्याच आठवड्यात तुम्ही लिहिलं होतंत ना, आमच्या भागाची हवा कशी कोरडी, माणसं कशी नव्वदी गाठतात. ते डोक्यात होतं. म्हटलं आपल्या गल्लीची शोभा आपण का करा?

साहेब म्हणाले, "आमच्याकडे अकरा आहेत." आणि एकेक वाचायला लागले. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांपाशी आले तेव्हा मी म्हटलं, ते गेले नाहीत, ते बाहेरगावी गेलेत. उंचीबाई चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "आजी, त्यांचा मृत्यूचा दाखला आमच्याकडे आहे." मी म्हटलं, मग फार लांबच्या गावी गेले म्हणायचे. साहेबांना ठसका लागला.

आपली भिंगरी कामावरून आली तेव्हा तिला सांगितलं, तर नर्सच ती, म्हणते कशी, "आजी, आकडा लपवलास म्हणून माणूस उठून बसत नाही."

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मरणाचं त्यांना काही नवल नव्हतंच. ते आले होते जन्मांसाठी. साहेबांनी पेन्सिलीने कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. आमच्या भागात दर साली शंभराच्या आसपास माणसं जातात, ती रेघ सरळ, शिस्तीत. आणि जन्मांची रेघ, बाई, आमचा जिना बरा! परवाच्या साली एकशे चार, गेल्या साली सत्त्याहत्तर, यंदा आतापर्यंत एक्केचाळीस. आमच्या गल्लीत तर म्हणे अख्ख्या सालात चार! मी म्हटलं, अहो, आमच्या अवघडलेल्या बायका पुलापलीकडे मोठ्या इस्पितळात जातात, ती बाळं तिकडे मोजली असतील. तर साहेब म्हणाले, "नाही. आम्ही आई कुठे राहते ते धरतो. बाळ चंद्रावर जन्मलं तरी आई या गल्लीतली असेल तर ते या गल्लीचंच."

सालाला साठाच्या खाली आकडा गेला की प्रसूतिगृह बंद. डिसेंबरअखेर कुलूप. नर्सांची बदली मोठ्या इस्पितळात.

म्हणजे तुमच्या दारासमोर. इथून तिकडे दोन बस आणि दीड तास. रात्रपाळी करून पोरगी रोज कुठे येणार? म्हणजे ती राहणार तुमच्याकडे. कळलं ना आता? तुम्ही गालातल्या गालात हसत असाल. हसा. माझा मुलगा नि तुमची लेक नोकरीपायी त्या टोकाला, वर्षातून एकदा तोंड दाखवणार, आणि एक ही नात तेवढी मला रोजची.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून एवढं लिहिलं. हात दुखला. उद्या भिंगरी रक्ताच्या नमुन्यांची पेटी घेऊन तिकडे येईल, तिच्या पिशवीत हे पत्र टाकते.

तुमची विहीण


शुक्रवार, ९ ऑक्टोबर

विहीणबाई, नमस्कार.

पत्र मंगळवारी मिळालं. माऊने दिलं. तिला माऊच म्हणायचं हे तिच्या जन्माच्या दिवशी ठरलं होतं. सव्वीस वर्षं झाली, तुमचं ते भिंगरी काही सुटत नाही. असो.

खात्याची माणसं माझ्याकडे आली नाहीत. येण्याचं कारणही नाही. जिथे नळ गळतो तिथे प्लंबर जातो. आमच्या भागाचे आकडे उत्तम आहेत. जन्म वाढले आहेत, वर्तमानपत्रात छापून आलं, कात्रण सोबत पाठवते. मोठ्या अक्षरांत आहे, तुम्हालाही वाचता येईल.

माझ्या पुढच्या खोलीबद्दल माऊ काही बोलली असेल तर गैरसमज नको. खोलीला रंग गेल्या महिन्यातच द्यायचा ठरला होता. फिकट पिवळा. त्याचा बदलीशी संबंध नाही. पण बदली झालीच, तर मुलीला खिडकीखाली बस आहे, गरम पाणी आहे, लिफ्ट आहे. इस्त्रीच्या कोळशाचा धूर नाही.

तुम्ही लिहिलंत, एक नात तेवढी रोजची. मला ती मंगळवारी आणि शुक्रवारी मिळते, पेटी प्रयोगशाळेत देऊन परत निघेपर्यंत. वीस मिनिटं. त्यातली दहा ती घड्याळाकडे बघते. मी कधी तक्रार केली नाही.

आणि मी एकटी बसून असते असं समजू नका. सोमवारी आणि गुरुवारी मी इस्पितळाच्या नोंदणीच्या खिडकीपाशी बायकांना जन्माचे फॉर्म भरून देते हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या गल्लीतल्या बायका तुम्हीच माझ्याकडे पाठवता. इतर दिवशीही माझ्याकडे माणसांचा राबता असतो. चहाचे कप वाळायला फुरसत नसते.

मास्तरांबद्दल वाईट वाटलं. भले गृहस्थ होते. त्यांना बाहेरगावी पाठवायला नको होतंत.

तुमची विहीण


बुधवार, १४ ऑक्टोबर

विहीणबाई,

नमस्कार शेवटी करीन, राहिला तर.

तुमचं कात्रण वाचलं. मोठ्या अक्षरांचं. त्या रात्री जेवण गेलं नाही मला. तुमच्याकडे बाळं आणि आमच्याकडे दाखले! पण मग मनात आलं, चार कशी? चार तर नुसती आमच्या जिन्यावर रडतात. एकाने सूर लावला की बाकीची तीन साथीला.

तर मी काय केलं, सोमवारी सकाळी दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढून झोळीत घेतले आणि निघाले. आकडे माझ्या डोक्यात टिकत नाहीत, चिमटे टिकतात. दर बाळामागे एक चिमटा पदराला लावायचा. यंदाचं बाळ तेवढं धरायचं, गेल्या सालचं नाही. लोक म्हणाले आजीचं बिघडलं. म्हणेनात का! काय मजा आली म्हणून सांगू, इतक्या घरांत मी दोन वर्षांत गेले नव्हते. कोपऱ्यावरच्या चाव्या करणाऱ्याकडे जुळं आहे, अगदी बापाच्या नाकाचं, दोन्ही. शिवणवालीचं बाळ गिऱ्हाइकाच्या कपड्यांच्या ढिगात झोपवतात, मला आधी दिसलंच नाही, मी बसणार होते त्याच्यावर.

गल्ली संपली तेव्हा पदराला सतरा चिमटे. सतरा! घरी येऊन भिंगरीपुढे उभी राहिले. म्हटलं, बघ, तुझे साहेब सरकारी आहेत पण मोजता येत नाही त्यांना. ती आधी हसली, मग पदराचे चिमटे पुन्हा मोजले. म्हणाली, "आजी, त्यांचे दाखले बघू या."

इस्त्रीवाल्याच्या सुनेला हाक मारली. तिने गादीखालून कागद काढला. भिंगरीने वाचला. मग पुन्हा वाचला. मी म्हटलं, काय गं, मुलाचं वजन चुकलं का बापाचं नाव? तर तिने बोट ठेवलं. आईचा राहण्याचा पत्ता. विहीणबाई, तिथे तुमच्या इमारतीचा पत्ता होता. दुसरा मजला. तुमचं दार. आणि दाखल्याला जोडलेल्या फॉर्मच्या प्रतीवर तुमचं ते मोत्यासारखं अक्षर.

मग चाव्या करणाऱ्याकडून मागवले, दोन्ही जुळ्यांचे. तुमचं दार. शिवणवालीचा. तुमचं दार. सतरांतल्या तेरा बाळांचे आईबाप सरकारदरबारी तुमच्या घरात राहतात. ज्या इमारतीत सगळ्यांत तरुण माणूस चौसष्ट वर्षांचं आहे म्हणता, तिथे! ही नुसती एका गल्लीतली. बाकीच्या गल्ल्या मी अजून फिरले नाही, चिमटे संपले.

भिंगरी पायरीवर बसली ती उठेच ना. पण मी बोलणार. तुम्हाला नात पाहिजे होती, तर तोंडाने मागायची होती. मी दिली नसती, पण मागायची होती! एकेक बाळ पळवून आमची रेघ खाली ओढायची, प्रसूतिगृहाला कुलूप लावायचं आणि वर पिवळ्या रंगाची खोली तयार ठेवायची, हे शिकलेल्या माणसालाच सुचतं. आम्हा अडाण्यांना भांडायचं तर दारात उभं राहून भांडता येतं.

आणि त्या बायकांना तुमच्याकडे धाडलं कोणी? मीच. "जा गं, माझ्या विहीणबाई फार शिकलेल्या, फॉर्म कसा फटाफट भरतात." मिरवायची मी तुम्हाला. हे हो काय केलंत!

नमस्कार राहिला नाही.


मंगळवार, २७ ऑक्टोबर

विहीणबाई,

तेरा दिवस झाले, तुमचं उत्तर नाही. भिंगरी म्हणते तुम्ही दार उघडता, पाणी देता, आणि पत्राचं विचारलं की म्हणता सर्दी झालीय. सर्दी नाकाला होते, हाताला होत नाही.

रागावलात? रागवायचं मी आहे, तुम्ही नाही. माझ्या वाटचं काम तरी तुम्ही करू नका.

काल प्रसूतिगृहाच्या फळ्यावर बदल्यांची यादी लागली. आपली दुसरी. पहिल्या ज्या नर्सबाई आहेत त्यांनी तिथेच बाकावर बसून डोळे पुसले, आपली मात्र चादरी मोजत राहिली. मी तिला म्हटलं, जाऊन सांग त्या साहेबांना पत्त्यांचं. तर म्हणते, "त्या आजीचं नाव मी कसं सांगू? गुन्हा आहे तो." दोन आज्यांच्या मध्ये पोरगी वाळायला घातल्यासारखी लटकलीय.

मी सांगू शकते. चौथी शिकले असले तरी त्या कार्यालयाचा रस्ता मला माहीत आहे. दोनदा चपला घातल्या. दोनदा काढल्या. का काढल्या ते मला विचारू नका.

एक ओळ तरी लिहा. शिव्या दिल्यात तरी चालेल.


मंगळवार, ३ नोव्हेंबर

विहीणबाई,

शिव्या देण्याचा अधिकार माझ्याकडे उरलेला नाही. त्यामुळे जे झालं ते सांगते.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तुमच्या गल्लीतली एक बाई खिडकीपाशी रडत होती. दोनदा दाखला टपालाने पाठवला, दोनदा पोचला नाही. तुमच्या जिन्याखालचं टपाल तेव्हा इस्त्रीवाल्याच्या टेबलावर पडायचं आणि कपड्यांच्या गठ्ठ्यांत बांधलं जाऊन भलत्याच घरी जायचं, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. फॉर्मवर पत्त्याची ओळ एकच असते. दाखला नीट यावा म्हणून मी तिथे माझा पत्ता लिहिला. तीन आठवड्यांनी ती दाखला न्यायला आली. कडेवर मुलगी होती. तिने माझा चष्मा ओढला आणि सोडेचना. तासभर बसल्या दोघी. त्या गेल्यावर मला दोन कप विसळावे लागले. त्याआधी चार महिने मी एकच कप विसळत होते.

पुढच्या बाईने मागितलं नव्हतं. मीच म्हटलं, टपालाची खात्री नसते, माझा पत्ता देऊ का? त्यापुढच्या बाईला विचारलंही नाही.

यंदा मार्चमध्ये माऊने सांगितलं की तुमच्याकडे टपालाच्या नव्या पेट्या बसल्या, आता पत्रं नीट येतात. मी म्हटलं, छान झालं. आणि गुरुवारी जाऊन पुन्हा माझाच पत्ता लिहिला. म्हणून म्हणते, पहिल्या बाईपुरती ती मदत होती. नंतरची मदत नव्हती.

तुमची रेघ खाली जाते आहे हे मला माहीत नव्हतं, एवढं मात्र खरं माना. तुमचं पाच तारखेचं पत्र वाचलं, तेव्हा कळलं की ती रेघ माझ्याच पेनाने ओढली आहे. आणि विहीणबाई, ते कळल्यावर मी रंगाऱ्याला बोलावलं. खोलीला रंग आधी ठरलेला नव्हता. तुमचं पत्र मंगळवारी आलं, रंगारी बुधवारी. मी स्वतःला म्हटलं, मी काही केलं नाही, आपोआप होतं आहे, होऊ द्यावं. तुमच्या जिन्यावर चार-चार बाळं रडतात, खालून सून येते, वरून कुणी येतं, आणि रोज संध्याकाळी ती घरी येते ती तुमच्याकडे. एवढं सगळं एका माणसाला कशाला लागतं? असं वाटायचं. अजूनही वाटतं.

गेल्या शुक्रवारी माऊ आली. पिवळ्या खोलीच्या दारात उभी राहिली, आणि म्हणाली, "आजी, आमच्या प्रसूतिगृहात चौदा खाटा आहेत." तेवढंच. त्या दिवशी तिने घड्याळ पाहिलं नाही, दोन मिनिटांतच निघून गेली.

काल मी आरोग्य कार्यालयात गेले. रांगेत उभी राहिले. तुमच्या फायलीवाल्या साहेबांपुढे माझी वही ठेवली. अडतीस वर्षं शाळेत कारकून होते मी. खोटी नोंद केली तरी खरी नोंद वेगळ्या वहीत ठेवल्याशिवाय हात राहत नाही. गेल्या वर्षीची सत्तावीस, यंदाची एक्केचाळीस. अडुसष्ट. प्रत्येकाच्या आईचं नाव, खरी गल्ली, खरा मजला. साहेब एकेक पान उलटत गेले. म्हणाले, "तुमचा पत्ता आमच्या नजरेला आला होता, बाई. आम्ही समजलो तिथे पाळणाघर निघालंय."

मग उंच बाई आल्या. त्यांनी चुकीच्या पत्त्याला काय शिक्षा असते ते वाचून दाखवलं. तूर्त लेखी माफी आणि ताकीद यावर सोडलं आहे. खिडकीपाशी यापुढे बसायचं नाही. हे योग्यच आहे. प्रत्येक नोंद दुरुस्त करायला आईची सही लागेल, आणि कारभार डिसेंबरच्या आत व्हायला हवा. तुमच्याकडे ते दोघे पुन्हा येतील.

दाखला न्यायला यापुढे माझ्याकडे कुणी येणार नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिते.

तुमची विहीण


सोमवार, ९ नोव्हेंबर

विहीणबाई, नमस्कार. दोनदा नमस्कार, मागचा राहिलेला धरून.

आज आले दोघं! या खेपेला साहेब आधी आले, जिन्याची सवय झाली त्यांना. उंचीबाई मागून, हातात तुमची वही. इस्त्रीवाल्याची सून होतीच. चहा मी आधीच्याच कपांतून दिला, पण बशा बदलल्या.

आधी कामाचं. यादी फळ्यावरून उतरवली. फाडली नाही, उतरवली. दुरुस्त्या पुऱ्या झाल्या की नवा आकडा वर जाणार. साहेबांनी मला नवी रेघ काढून दाखवली, मी मागितलीच. एकशे चार, एकशे चार, आणि यंदाचे एक्केचाळीस अधिक तुमच्याकडचे एक्केचाळीस म्हणजे ब्याऐंशी, तेही सप्टेंबरअखेर. जिना नाही उरला. वर मात्र फारशी चढत नाही, साहेब म्हणाले आता सगळीकडेच बायका एका-दोनावर थांबतात. मी म्हटलं, थांबू द्या, आम्ही सात भावंडं होतो, मला जेवताना कोपर टेकायला जागा नव्हती. मरणाची रेघ आहे तिथेच आहे. मास्तरांना मी कबूल केलं, अकरा लिहा म्हटलं.

मग उंचीबाईंनी तुमची वही उघडली आणि इस्त्रीवाल्याच्या सुनेच्या बाळाचं पान वाचलं. मला वाटलं पत्ता असेल. पत्ता तर होताच, पण खाली काय काय! "पाचव्या महिन्यात आलं. डाव्या गालाला खळी. चष्म्याकडे झेपावतं. खालचा दात दिसू लागला." विहीणबाई, ते बाळ दिवसातून सहा वेळा माझ्या घरात येतं. त्याला खळी आहे हे मला माहीत नव्हतं! मी त्याला उचलून उजेडात नेलं आणि बघितलं. आहे. डाव्याच गालाला. मी सतरा चिमटे लावून शहाणी झाले होते, आणि तुम्ही एकेकाचे दात मोजलेत. तेव्हा माझ्या पोटात जे दुखलं ना, ते ओव्याने थांबणारं नव्हतं. आमच्या गल्लीची बाळं आणि मायेने ओळखतंय कोण, तर पुलापलीकडची बाई! सुनेला विचारलं, काय गं, कितीदा गेलीस त्यांच्याकडे? म्हणाली, "चार वेळा. दाखला पहिल्याच वेळी मिळाला होता." आणि पुढे म्हणते, "त्या काही विचारत नाहीत हो आजी, नुसतं बाळ घेऊन बसतात." म्हणजे मी विचारते असं म्हणायचं होतं तिला. कानामागून आली आणि तिखट झाली.

तेव्हा तुम्ही लिहिलंत ना, दाखल्यासाठी आता कुणी येणार नाही. दाखल्यासाठी नाही येणार. बाकी मी सांगत नाही, तुमचं डोकं चालतं.

आता माझं ऐका, आणि मध्ये बोलू नका. पहिलं, तुमचं अक्षर बघून मी पहिल्यापासून जळते. आपल्या मुलांचं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही यादी लिहिलीत आणि मी अंगठा करू का सही करू म्हणून बसले होते, तेव्हापासून. तुम्हाला मी मिरवायचे ते त्याच जळण्यापायी, लोकांना वाटावं आमच्या घरातही लिहिता येतं. म्हणून चपला काढल्या होत्या मी. कळलं? तुमचं नाव खराब झालं असतं तर माझं काय उरलं असतं मिरवायला?

दुसरं, रविवार. भिंगरीला रविवारी सुट्टी असते आणि ती अख्खा दिवस माझ्याकडे लोळते. या रविवारपासून एकाआड एक रविवार ती तुमच्याकडे येईल, सकाळची येईल आणि पिवळ्या खोलीत झोपून सोमवारी पहाटे पहिल्या बसने निघेल. मला हे अजिबात आवडत नाही. नेमकं तुमच्याच रविवारी माझं डोकं दुखेल, कंबर धरेल, मला चक्कर येईल. तिला पाठवू नका मागे. मी काही मरत नाही, आकडा वाढवायची हौस नाही मला.

तिसरं, सह्या. सदुसष्ट आया, चाव्यावाल्याचं जुळं धरून अडुसष्ट बाळं, आणि बाईमागे दोन पानी फॉर्म. साहेब म्हणाले कार्यालयात बोलवू. मी म्हटलं, तिथे बाळाला पाजायला आडोसा आहे का? नाही म्हणाले. मग म्हणाले, तुमच्या विहीणबाईंकडे बोलवू, पत्ता सगळ्यांना पाठच आहे. मी म्हटलं, नको! लिफ्टमध्ये दोन बायका मावत नाहीत. प्रसूतिगृहाची चादरी वाळवायची मोठी खोली रिकामी करून घेते, किल्ली अजून मलाच देतात. खरं कारण सांगू? एकदा तरी ती सगळी बाळं आमच्या भागात एका छपराखाली मला बघायची आहेत. तुमच्या घरी ती गेली असती तर मी दारातच उभी राहिले असते, पाहुण्यासारखी.

मग साहेबांनी विचारलं, "फॉर्म भरायला माणूस लागेल, आमच्याकडे कुणी मोकळं नाही." मी म्हटलं, आहे एक, फॉर्म कसा फटाफट भरतात. साहेब म्हणाले, "त्यांनीच तर..." आणि थांबले. उंचीबाई वही मिटत म्हणाल्या, "चूक कुठे कुठे आहे ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे?" साहेबांनी मान हलवली, पण मला विचारलं, "त्या येतील का? लोकांपुढे बसावं लागेल. बायका बोलतील."

मी म्हटलं, बोलतील तर मी आहे बोलायला. त्या येतील.

असं मी तुम्हाला न विचारता सांगून टाकलं आहे. मोडू नका माझा शब्द. बायका तुम्हाला बोलल्या तर मीही दोन शब्द बोलीन, तुमच्या बाजूने का त्यांच्या, ते त्या वेळी बघू. आणि बाळं माझ्यासमोर तुमच्या चष्म्याला झेपावतील, ते मी बघणार आहे, दात आवळून बघणार आहे.

भिंगरी उद्या पेटी घेऊन येईल, तिच्याकडे उत्तर नको, तुम्हीच या. पेन आणा, सरकारी पेनं चालत नाहीत. पाहुणे सह्या घ्यायला येत्या गुरुवारी, बारा तारखेला सकाळी दहा वाजता पुन्हा येतो म्हणून सांगून गेलेत.